भोरड्यांचा राजा

आमच्या आज्जीचं जन्मसाल घरात कुणालाच नेमकं ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हणायची, "मानमोडी आली तवा मी पाळण्यात हुते." मानमोडी म्हणजे १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ. तिची सगळी मोजदाद अशीच चालायची. थोरल्या आत्याचा जन्म मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, बुडाली त्या साली, चुलत्याचं लग्न कोयनेच्या भूकंपाच्या आगेमागे, आणि मी म्हणे सुकडीच्या दुष्काळात रांगत होतो. पुढे शाळेत इतिहासाच्या पुस्तकात ही सालं भेटली तेव्हा ती मला आमच्या भावकीतलीच वाटली.

वैराग हे बार्शी तालुक्यातलं बाजाराचं गाव. सोलापूरहून बार्शीकडे निघालं की नान्नज, वडाळा मागे टाकून वैराग येतं. ग्रामदैवत संतनाथ महाराज, शिवार काळ्या जमिनीचं, आणि पीक म्हणाल तर शाळवाची ज्वारी. पूर्वेला चालत गेलं की एके काळी निजामाची हद्द लागायची. आम्ही राहायचो रानातल्या वस्तीवर. कडूसं पडलं की चुलीपुढे भाकरी, शेंगाचटणी आणि थंडीत हुलग्याचं माडगं. माडगं गरम असेपर्यंत आज्जी-आबांच्या गोष्टी चालायच्या. त्या गोष्टींत राजा-राणी फारसे नसत. जनावरं, पाखरं, आभाळ आणि रात्र, एवढाच त्यांचा संसार. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी मात्र कारण सांगितलेलं असायचं, कारण 'का?' असं विचारणारं पोर कारण मिळाल्याशिवाय झोपत नाही, हे त्या दोघांनाही अनुभवाने कळलं होतं.

आबांची लाडकी गोष्ट भोरड्यांची. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरत. मैनेच्या जातीचं पाखरू. डोकं आणि पंख काळे, पाठ-पोट फिकट गुलाबी. आबा मचाणावर उभे राहून गोफण फिरवायचे आणि दिवसभर हाऽऽ हाऽऽ करून त्यांचा घसा बसायचा. शिव्याही पुष्कळ द्यायचे. पण दिवस मावळायला लागला की हेच आबा गोफण खाली ठेवून आभाळाकडे बघत बसत. हजारो भोरड्या एकत्र उठायच्या, सगळा थवा एकदम वळायचा, दाट व्हायचा, विरळ व्हायचा, मधूनच फाटायचा आणि पुन्हा जुळायचा. एकही पाखरू दुसऱ्यावर आदळायचं नाही. "त्यांच्यात एक राजा असतुया," आबा सांगायचे. "त्यो मनात आणतो, बाकीच्यांना कळतं." मी राजा शोधत बसायचो. हुरडा भाजायला आगटीपाशी बोलावलं तरी उठायचो नाही.

आबांचं हे स्पष्टीकरण अडाणीपणाचं म्हणून सोडून देऊ नका. एडमंड सेलूस नावाच्या इंग्रज पक्षीनिरीक्षकाने वर्षानुवर्षं थवे न्याहाळले आणि १९३१ साली पुस्तक लिहून शंका मांडली की, पाखरं एकमेकांच्या मनातलं ओळखत असावीत. म्हणजे लंडनच्या छापखान्यातही आमच्या आबांचाच सिद्धांत छापला जात होता. फक्त राजा वगळून. कोडं उलगडायला मग बरीच वर्षं गेली. रोमच्या रेल्वे स्टेशनाजवळ हिवाळ्यात भोरड्यांचे भाऊबंद लाखाने मुक्कामाला येतात. तिथल्या शास्त्रज्ञांनी एका जुन्या वाड्याच्या गच्चीवर कॅमेरे लावून थव्यातल्या एकेका पाखराची जागा मोजली. २००८ साली निष्कर्ष छापून आला. प्रत्येक पाखरू आपल्या जवळच्या फक्त सहा-सात पाखरांवर लक्ष ठेवतं. ती वळली की वळतं, ती सरकली की सरकतं. ससाण्याने एका कडेला झडप घातली की ही हालचाल शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जात क्षणात थव्याच्या दुसऱ्या टोकाला पोचते. राजा नाही, हुकूम नाही. या कामात असलेले ज्योर्जो पारिझी यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते काही केवळ पाखरांसाठी नव्हतं, पण अशाच गुंतागुंतीच्या व्यवस्थांच्या अभ्यासासाठी होतं. बातमी वाचली तेव्हा मला आबांची गोफण आठवली.

जाता जाता आणखी एक. भोरडी इथे पाहुणी असते. तिची वीण पूर्व युरोपात आणि मध्य आशियात होते, आणि तिथे ती टोळांवर तुटून पडते. म्हणून चीनच्या शिनच्यांग प्रांतात तिला मुद्दाम दगडांची घरटी रचून देतात. तिकडे जावयासारखी वागवतात आणि इकडे गोफणीने मारतात, हे आबांना सांगायला हवं होतं. त्यांनी विडी विझवून एकच विचारलं असतं, "मग तिकडंच का ऱ्हाईना?"

आबांची दुसरी गोष्ट सोलापूरच्या वाटेवरची. गाडीत शेंगांची पोती भरून ते मध्यरात्री निघत. नान्नजच्या माळावर यायला तांबडं फुटायची वेळ व्हायची. एका पावसाळ्यात, बैल पाण्याला थांबवले असताना, मोकळ्या माळावरून आवाज आला. हुंऽऽम. मग थोड्या वेळाने पुन्हा. झाड नाही, झुडूप नाही, माणूस नाही. आवाज कोणत्या बाजूने येतोय तेही कळेना. आबांनी वेताळाचं नाव घेऊन बैल जुंपले ते थेट सोलापूरच्या वेशीपर्यंत मागे पाहिलं नाही. ही गोष्ट सांगताना ते कधी वेताळ दिसलाही होता म्हणायचे, कधी नुसता ऐकला म्हणायचे. ते माडग्यावर अवलंबून असायचं.

तो वेताळ म्हणजे माळढोकाचा नर. आपल्याकडे या पक्ष्याला 'हूम' असंही नाव आहे, ते त्या आवाजावरूनच. विणीच्या हंगामात नर गळ्याखालची पिशवी फुगवतो, शेपूट पाठीवर पंख्यासारखं उभारतो आणि छातीतून हा घुमारा काढतो. मोकळ्या माळावर तो अर्ध्या किलोमीटरपर्यंत ऐकू जातो. इतका खालच्या पट्टीतला आवाज कुठून येतोय ते आपल्या कानांना नेमकं ठरवता येत नाही, म्हणून तो चारी बाजूंनी आल्यासारखा वाटतो. मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी उडणाऱ्या पक्ष्यांतल्या सर्वांत वजनदारांपैकी एक आहे. मादी वर्षाला सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. १९७९ मध्ये नान्नज परिसरात माळढोकासाठी अभयारण्य झालं. कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. गावंच्या गावं त्यात आली. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले, शेतकरी कातावले, आणि पुढे ते क्षेत्र कमी केलं गेलं. पण माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, आणि आता नान्नजला एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. आबांच्या वेताळाला भिण्याची सोय राहिलेली नाही.

चकव्याची गोष्ट आज्जीची. तिचं माहेर मोगलाईतलं. १९४८ च्या पावसाळ्यात रझाकारांच्या धास्तीने हद्दीपलीकडची माणसं रातोरात बार्शीकडच्या गावांत येत होती. आज्जीचा भाऊ आणि भावजय अशीच निघाली. बरोबर एक म्हातारी होती की दोन, गाडी होती की पायी, याबद्दल घरात अजून दोन मतं आहेत. आभाळ भरलेलं, कंदील लावायची सोय नाही, पाणंद सोडून रानातून चाललेले. चार-पाच मैल चालल्यावर एक वाकडी बाभळ लागली. आणखी बराच वेळ चालल्यावर पुन्हा तीच बाभळ. मग तिसऱ्यांदा. "चकवा लागला," म्हातारी म्हणाली, आणि तिने सगळ्यांना बाभळीखाली बसवलं. तंबाखू मळायची, बोलायचं नाही, तांबडं फुटेपर्यंत उठायचं नाही. पहाटे पूर्व उजाडली तेव्हा कळलं की हद्द हाकेच्या अंतरावर होती. दोन दिवस आज्जीने त्यांना गरम भाकरी आणि दूध खाऊ घातलं. त्याच सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आत्या त्याच आठवड्यात जन्मली म्हणतात.

चकवा म्हणजे वाट चुकवणारं भूत, अशी आमची पक्की समजूत. २००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी काही माणसांना एका मोठ्या जंगलात सोडून 'सरळ चालत राहा' असं सांगितलं. काहींना ट्युनिशियाच्या वाळवंटात. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तेव्हा माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ढग आले, चंद्र दिसेनासा झाला, की माणसं गोल फिरून आपल्याच पावलांवर आली, आणि आपण सरळच चाललोय असं त्यांना वाटत होतं. डोळे बांधलेली माणसं तर अवघ्या वीस मीटर व्यासाच्या गोलातही फिरली. 'समोर' कोणतं, या आपल्या आतल्या अंदाजात प्रत्येक पावलाला बारीक चूक होते. बाहेर खूण नसली की चुका साठत जातात. म्हणजे तो भाद्रपदातला ढगाळ अंधारच चकवा होता. आणि त्या म्हातारीचा उपाय बघा: बसून राहा, पूर्व उजाडू दे. त्याहून चांगला उपाय कुणी अजून सांगितलेला नाही.

ग्रहणाचं मात्र मी स्वतः पाहिलेलं आहे. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. खाली रायचूरच्या बाजूला खग्रास होतं. आमच्याकडे खंडग्रास, पण सूर्याचा मोठा भाग झाकला जाणार होता. आज्जीने सकाळीच पाण्याच्या घागरींत तुळशीची पानं टाकली, दुपारनंतर चूल पेटवली नाही, आणि आम्हा पोरांना पत्र्याच्या सोप्यात कोंडलं. वर पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोकं होती. एरवी त्यांतून रुपयाएवढे गोल कवडसे भुईवर पडायचे. त्या दुपारी आम्ही खाली पाहिलं तर सगळे कवडसे चंद्रकोरी झालेले. सारवलेल्या भुईवर वीस-पंचवीस कोरी. पोरं किंचाळली. आज्जी आत आली, तिने पाहिलं आणि कपाळाला हात लावला: "आगं बया, गिराण घरात शिरलं!"

कवडसा भोकाच्या आकाराचा नसतो, हे मला फार उशिरा कळलं. भोक बारीक असेल तर कवडसा म्हणजे सूर्याचं चित्रच असतं. भोक वाकडंतिकडं असलं तरी तो गोल पडतो तो त्यामुळेच. सूर्याची कोर झाली की कवडशाचीही कोर होते. आज्जीने नेम पाळून आम्हाला घरात ठेवलं आणि त्यामुळेच आम्ही डोळ्यांना इजा न होता ग्रहण पाहिलं. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नका, असं सांगणाऱ्या शास्त्रज्ञांनी यापेक्षा चांगली व्यवस्था काय केली असती? त्या दिवशी काढणीला आलेल्या ज्वारीवरच्या भोरड्या दिवसाढवळ्या उठून मुक्कामाच्या झाडांकडे गेल्या, कोंबड्या खुराड्यात शिरल्या, आणि थोड्या वेळाने सगळे ओशाळल्यासारखे परत आले. त्यांचं घड्याळ उजेडावर चालतं, उजेडाने फसवलं.

किल्लारीची रात्र आठवली की अजून काही तरी गिळावं लागतं. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमच्या वस्तीवर मांडणीतली भांडी खाली आली, कोनाड्यातली चिमणी विझली. आज्जी बाजेवर उठून बसत म्हणाली, "कोयनंवानीच." १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा धक्काही असाच पहाटे बसला होता. उजाडल्यावर रेडिओवर बातम्या येऊ लागल्या. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावं गेली होती. जवळजवळ दहा हजार माणसं मेली. घरं आमच्यासारखीच होती, दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार ठेवणारी तीच माती झोपेत अंगावर आली. त्या दिवशी आमच्या भागात घराघरांतून भाकरी गोळा झाल्या. आज्जीने थरथरत्या हातांनी भाकरी थापल्या.

त्यानंतर महिनाभर एकच बोलणं: कुत्री आदल्या रात्रभर रडत होती, जनावरांना आधीच कळलं होतं. यातलं काय खरं? कुत्री रडली असतील, पण ती विसर्जनाची रात्र होती; ढोल, फटाके, गुलाल. एरवी कुत्री रडतात त्या रात्री कुणाच्या ध्यानात राहत नाहीत. चीनमध्ये १९७५ साली हायचेंगला जनावरांचं विचित्र वागणं आणि आधीचे छोटे धक्के पाहून माणसं हलवली गेली होती, आणि भूकंप झालाही. पण पुढच्याच वर्षी तांगशानला कसलाही इशारा मिळाला नाही. लाखो माणसं गेली. जनावरांवर हवाला ठेवून भूकंप सांगता येत नाही, हे तिथून पुरेसं कळतं.

पण आमच्या गोठ्यातली एक गोष्ट मी खोडून टाकत नाही. चुलते गोठ्यातच झोपत. ते शेवटपर्यंत सांगत राहिले की धक्क्याच्या जराशी आधी गाय धडपडून उठली आणि दाव्याला हिसके देऊ लागली. ते 'हूं, हूं' म्हणेपर्यंत भिंत हलली. भूकंपाच्या लाटा दोन जातीच्या. पहिली वेगाने येते पण हलकी, दुसरी मागून येते आणि तीच पाडापाड करते. किल्लारी आमच्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. एवढ्या अंतराला दोन लाटांत साधारण दहा सेकंदांचं अंतर पडतं. पहिली लाट झोपलेल्या माणसाला कळत नाही. चार पायांवर, उघड्या भुईवर असलेल्या गाईला कळू शकते. चुलत्यांचे 'हूं, हूं' दहा सेकंदांत बसतात.

सगळंच असं गोड नाही. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही आमच्याकडची जुनी समजूत. गाईने पान्हा चोरला, कासेला दगडी झाली, वासरू रात्री सुटून पिऊन गेलं, तरी आळ धामणीवर. सापाच्या तोंडाची घडण ओढून पिण्याची नाहीच, आणि मागे वळलेले दात सडाला लागले तर गाय उभी राहील काय? धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी. ज्वारीची कणगी राखणारी ही राखणदारीण आमच्या वस्तीवर किती वेळा काठीने मेली असेल. उलट घुबडाला दगड मारायचा नाही, असा दंडक होता: ते म्हणे दगड उचलून झिजवतं आणि तसतसा मारणारा झिजतो. या भीतीने घुबडं वाचली आणि त्यांनी उंदीर खाल्ले. एका खोट्या समजुतीने धामण मेली, दुसऱ्या खोट्या समजुतीने घुबड जगलं. म्हणून जुनं ते सोनं असं डोळे मिटून मला म्हणवत नाही.

मृगाचा किडा मात्र सोन्यासारखाच. जूनच्या पहिल्या पावसानंतर लाल मखमलीचे ते जीव निघायचे आणि आम्ही काडेपेटीत भरायचो. "मिरगाचा किडा निघाला, आता पेरा," आज्जी सांगायची. हा जीव वर्षातला बराचसा काळ जमिनीखाली काढतो. पहिल्या चांगल्या ओलीबरोबर वाळवीला पंख फुटून ती बाहेर पडते, आणि तिला खायला हा वर येतो. म्हणजे तो दिसला याचा अर्थ ओल खाली पोचली. पेरणीला याहून दुसरं काय हवं? १९७२ साली तो निघालाच नाही, असं आज्जी म्हणायची. त्या साली रस्त्याची खडी फोडून आबा सुकडी घेऊन यायचे आणि लाल मिलोची भाकरी थापताना आज्जीच्या हातात तुटायची.

या सगळ्यांतून मी एवढं धरून ठेवलं आहे. त्या पिढीची कारणं बऱ्याचदा चुकली. पाहणं क्वचित चुकलं. आपली कारणं बरोबर आहेत, कारण ती कुणीतरी तपासून दिलेली आहेत. पण भोरड्या शेवटच्या कधी पाहिल्या असं मला कुणी विचारलं तर उत्तर देताना मीही अडखळतो. तेव्हा तुमच्या घरात अजून कुणी असं सांगणारं माणूस असेल, तर या दिवाळीला त्यांच्याजवळ बसा. भूत, वेताळ, राजा मध्ये आले तरी टोकू नका. त्यांनी काय पाहिलं, कुठल्या महिन्यात, कुठल्या रानात, तेवढं आधी वहीत उतरवून घ्या. कारण नंतरही शोधता येतं. सांगणारं माणूस नंतर मिळत नाही.